वेशीवरचा दुभाष्या

पेशवाईतील कागद वाचावयास बसले म्हणजे पहिली अडचण येते ती तारखेची. एका पत्रावर शक असतो, दुसऱ्यावर सुहूर सन, तिसऱ्यावर इंग्रजी साल. शक चैत्रात पालटतो, सुहूर सन मृगारंभी, तर इंग्रजी वर्ष जानेवारीत. हे सारे जुळविण्यासाठी संशोधक जंत्री उघडतो. एका दप्तराची भाषा दुसऱ्या दप्तराला समजावून सांगणारा असा मध्यस्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांनाही लागला. त्याचे नाव गेटवे. वेशीवर बसलेला दुभाष्याच म्हणा ना!

१९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह ठेवण्याची रीत पाडली. पुढे बड्या कचेऱ्यांनी आपापल्या टपालव्यवस्था उभारल्या, आणि प्रत्येकीची भाषा निराळी झाली. किती निराळी? रोमन लिपीतील मोठा ‘ए’ आयबीएमच्या थोरल्या यंत्रांत १९३ या आकड्याने लिहिला जाई. इतर बहुतेक यंत्रांत तोच ६५. म्हणजे नुसती तार जोडून भागण्यासारखे नव्हते. वेशीवर प्रत्येक अक्षर उलगडून पुन्हा लिहावे लागे.

पत्त्यांचा घोळ याहून मोठा. इंटरनेटच्या टपालाचे नियम १९८२ साली ठरले. त्यांत पत्ता एका ओळीत मावे. १९८४ साली दूरसंचार खात्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘एक्स ४००’ नावाची दुसरी पद्धत काढली. तिच्यात देश, टपालखाते, संस्था, आडनाव, नाव असे एकेक रकाने भरावयाचे. या दोहोंचा मेळ घालण्याचे नियम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील स्टीव्ह किल यांनी १९८६ साली लिहिले. संगणकांच्या इतिहासातील ही जंत्रीच होय.

त्याच वर्षी आपल्याकडे सरकारी इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘एर्नेट’ हे शैक्षणिक जाळे विणावयास घेतले. त्याची परदेशाकडे उघडणारी वेस मुंबईत होती, जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेत. देशातील संशोधकांची पत्रे तेथे गोळा होत आणि तेथून समुद्रापार जात. सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तिच्याही नावात ‘गेटवे’ हा शब्द होताच.

येथवर गोष्ट पत्रांची झाली. पत्राचे एक बरे असते: ते एकदा पोहोचले की काम संपले. भेटीच्या वेळेचे तसे नाही. लग्नाची पत्रिका गेली आणि मागाहून मुहूर्त बदलला, तर दुसरी पत्रिका धाडावी लागते. ती पाहून एखादा दूरचा पाहुणा म्हणावयाचा, ‘यांच्याकडे दोन लग्ने दिसतात!’ कचेऱ्यांत नेमके हेच होत असे. १९८९ साली ‘लोटस नोट्स’ आले, १९९६ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सचेंज’. दोघांपाशी टपालही होते आणि कॅलेंडरही. दोन कंपन्या एकत्र झाल्या की एकीकडे नोट्स, दुसरीकडे एक्सचेंज, आणि मध्ये गेटवे. पत्रे सुखरूप जात. पण सभेचे निमंत्रण पुष्कळदा पलीकडे नुसते पत्र होऊन पडे. ‘येतो’ म्हणावयास जागा नाही; वेळ बदलली तर जुनी नोंद तशीच. मग एक मंडळी दहाला येऊन बसत, दुसरी अकराला, आणि दोष एकमेकांच्या शिस्तीला दिला जाई.

यावर उपाय निघाला तो अधिक हुशार दुभाष्या नेमून नव्हे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ नावाचा समाईक मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर नावे दोघांची: लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. बाजारात परस्परांची गिऱ्हाइके ओढणाऱ्या दोन घरांची माणसे एका कागदावर आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. युक्ती साधीच होती. प्रत्येक भेटीला जन्मतःच एक कायमचे नाव द्यावयाचे, आणि वेळ बदलली की तिचा अनुक्रमांक एकाने वाढवावयाचा. नाव तेच आणि क्रमांक मोठा दिसला, की पलीकडचे यंत्र समजे: लग्न एकच, मुहूर्त बदलला.

तरीही घड्याळाने दगा दिलाच. २००७ साली अमेरिकेने उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याचा दिवस अलीकडे आणून ११ मार्च केला. ज्या यंत्रांना हा नवा नियम कोणी शिकविला नव्हता, त्यांच्यावरील सभा तीन आठवडे तासाभराने चुकू शकत होत्या. मुंबईकराला याचे नवल वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू असूनही या शहराने तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली होती. मुंबईत ‘दहा वाजता’ म्हटले की, कोणते दहा, हे विचारणे भाग होते.

पुढे गूगलसारखी नवी घरे आली. नोट्स २०१९ साली एचसीएल या भारतीय कंपनीकडे गेले. कंपन्या विकत घेतल्या जातात, यंत्रे बदलतात, पण दोन कचेऱ्यांमधली वेस काही मिटत नाही. ‘महिन्याचा शेवटचा शुक्रवार, मात्र सुट्टी असल्यास गुरुवार’ असली नोंद आली की आजही मध्यस्थाची कसोटी लागते. अशा वेळी जे उमगले नाही ते गुपचूप गाळून बाकीचे पुढे ढकलणारा दुभाष्या सर्वांत घातक. कारण धाडणाऱ्याला वाटते निरोप पोहोचला, आणि घेणाऱ्याला वाटते निरोप एवढाच होता. त्यापेक्षा ‘हे मला सांगता येत नाही’ म्हणून पत्र परत करणारा बरा. त्याच्यामुळे खोळंबा होतो, पण माणसांचा एकमेकांवरचा विश्वास शाबूत राहतो.