वहीतला नाच

आमच्या आत्याला मंगळागौरीचे खेळ किती येत असत, हे तिने स्वतःही कधी मोजले नव्हते. पिंगा, झिम्मा, साळुंकी, किकीचे पान. रात्र सरे, पण तिचे खेळ सरत नसत. ती गेली, आणि मागाहून लक्षात आले की त्यांतले निम्मे तिच्याबरोबरच गेले. गाण्यांचे शब्द एका जुन्या वहीत सापडले; पाय मात्र कोणीच उतरवून ठेवले नव्हते. नाच लिहूनही ठेवता येतो, हे आम्हांला कोठे ठाऊक होते?

म्हणूनच अलेक्सेई रतमान्स्की या बॅले-रचनाकाराची हकीगत माझ्या वाचनात आली, ती मी आत्याच्या आठवणीनेच वाचली.

रतमान्स्कीचा जन्म १९६८ चा, लेनिनग्राडचा. बालपण मात्र युक्रेनमधल्या कीव शहरी गेले. मॉस्कोला बोल्शॉयच्या नृत्यशाळेत तो शिकला. परंतु १९८६ साली शिक्षण संपले तेव्हा बोल्शॉयने काही त्याला आपल्या मंडळीत घेतले नाही. मग आधी कीव, पुढे कॅनडातले विनिपेग, नंतर कोपनहेगन, असा तो नाचत हिंडला. २००३ साली त्याच बोल्शॉयसाठी त्याने ‘निर्मळ झरा’ हा शोस्ताकोविचच्या संगीताचा बॅले बसवला. मूळ बॅले १९३५ सालचा. सामुदायिक शेतीवरची एक हसरी गोष्ट. १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने त्याच्यावर झोड उठवली. प्रयोग बंद पडले, रचनाकार लोपुखोव्हचे पद गेले आणि कथालेखकांपैकी पिओत्रोव्स्कीला १९३७ साली गोळी घालण्यात आली. संगीत कागदावर होते म्हणून तगले. नाच पुसला गेला. रतमान्स्कीने तो अगदी पहिल्या पावलापासून नवा रचला. बॅले गाजला, आणि ज्या दारातून त्याला परत फिरावे लागले होते, त्याच घरचा तो २००४ साली कारभारी झाला! २००८ पर्यंत त्याने तो कारभार पाहिला आणि २००९ पासून न्यूयॉर्कला अमेरिकन बॅले थिएटरमध्ये बस्तान बसवले.

जे पुसले गेले ते नव्याने रचायचे, हे एक काम. जे लिहिलेले आहे ते वाचायचे, हे दुसरे. व्लादिमीर स्तेपानोव या रशियन नर्तकाने १८९२ साली नाच लिहिण्याची एक लिपी प्रसिद्ध केली. संगीताच्या स्वरचिन्हांसारखीच ही चिन्हे; कोणता सांधा किती वाकवायचा, पाय कोणत्या दिशेला आणि किती वेळ, हे सारे त्यांत येते. या लिपीत पीटर्सबर्गच्या थिएटरातले वीसहून अधिक बॅले उतरवले गेले. क्रांतीनंतर निकोलाय सर्गेयेव नावाच्या तालीममास्तराने या वह्या घेऊन देश सोडला. त्यांच्याच आधाराने त्याने १९३४ साली लंडनला ‘जिझेल’ बसवला. १९५१ साली तो परदेशातच वारला. वह्या १९६९ साली हार्वर्ड विद्यापीठात पोहोचल्या.

रतमान्स्की आणि त्याची पत्नी तात्याना यांनी ही लिपी शिकून घेतली. २०१५ साली त्यांनी ‘निद्रिस्त राजकन्या’ या वह्यांवरून उभी केली, तेव्हा पाय कानापर्यंत उंचावण्याची सवय झालेल्या नर्तिकांना ते पुन्हा खाली आणावे लागले. २०१८ साली बर्लिनला त्यांनी ‘ला बयादेर’ बसवला. ही कथा हिंदुस्थानातल्या एका देवळातल्या नर्तकीची. आणि गंमत पाहा, ‘बयादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेरा’वरून आलेला. गोव्याच्या देवळांतल्या कलावंतिणींना पोर्तुगीज याच नावाने ओळखत!

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा रतमान्स्की मॉस्कोला बोल्शॉयमध्ये तालमी घेत होता. आईवडील कीवमध्ये. तालीम अर्धी टाकून त्याच दिवशी त्याने मॉस्को सोडले. पुढे हेग शहरी आसऱ्याला आलेल्या युक्रेनी नर्तकांना घेऊन त्याने ‘जिझेल’ बसवला आणि सप्टेंबरात तो लंडनला दाखवला. ज्या शहरात एका निर्वासिताने वह्यांतून जिझेलला उभे केले होते, तेथेच अठ्ठ्याऐंशी वर्षांनी निर्वासितांचा मेळाच तिला घेऊन आला.

२०२३ साली तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेला. तेथे गेल्यानंतरची त्याची पहिली कृती, २०२४ सालची ‘एकांत’, एका छायाचित्रावरून सुचली: खारकीवच्या बसथांब्यापाशी मारल्या गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा हात धरून बसलेला बाप. रंगमंचावर तो बाप कित्येक मिनिटे हलतच नाही. नाचणाऱ्याने न नाचणे, हे कोणत्या लिपीत लिहावे?

त्या जुन्या वह्यांतही पुष्कळदा पायांचीच चिन्हे आहेत. हात, मान, नजर यांच्या जागा कोऱ्या. तेवढ्या जागा जिवंत माणसालाच भराव्या लागतात.

गेल्या दिवाळीत आतेबहीण माहेरपणाला आली, तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. “ताई, तुला आठवतात तेवढे खेळ करून दाखव, मी लिहून घेतो.” तिने पदर खोचला. चार पावलांतच माझी पेन्सिल अडखळली. ताई हसली आणि म्हणाली, “अरे, असे बसून नाही यायचे. ऊठ, हात दे.”

मी उठलो. वहीत चारच पावले आहेत. पुढची आता माझ्या पोटऱ्यांना ठाऊक आहेत.