एसीतला गॅस जातो कुठे?

मार्च संपत आला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "साहेब, गॅस कमी झालाय, भरावा लागेल." आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकतो.

पण गॅस जातो कुठे? गाडीतलं पेट्रोल जळतं, स्वयंपाकाचा गॅस जळतो. एसीतला गॅस मात्र जळत नाही, खर्चही होत नाही. तो बंद तांब्याच्या नळीत गोल गोल फिरतो. खोलीतली उष्णता घेतली की त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता टाकली की तो पुन्हा द्रव होतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं चालतो. कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आजचा भाग या गळतीच्या इतिहासावर.

गोष्ट सुरू होते १९०२ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात. दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवा गार नळ्यांवरून फिरवली. हवेतलं पाणी नळ्यांवर जमलं आणि हवा कोरडी झाली. तुमच्या एसीच्या पाइपातून ठिबकतं ना, ते पाणी असंच तयार होतं.

हे तंत्र घरात आणायचं तर अडचण होती गॅसची. तेव्हाच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी गॅस असायचे. फ्रिज गळला की माणसं दगावायची. बर्लिनमध्ये एक अख्खं कुटुंब असं गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन चक्क फ्रिज बनवायच्या मागे लागले! लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हलणारे भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंटही घेतलं. विचार साधा होता: गळायला जागाच ठेवायची नाही.

जग मात्र दुसऱ्या वाटेने गेलं. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये नवा गॅस शोधला, पुढे फ्रिऑन नावाने विकला गेलेला. १९३० साली मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांसमोर तो छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत! विषारी नाही, पेट घेत नाही. मग गळला तरी काय बिघडतं?

बिघडत होतं, फक्त दिसत नव्हतं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं की या जातीचे गॅस हवेत टिकून राहतात, वर पोचतात आणि ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ झाल्याचं जाहीर केलं. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली आला.

एसीत नवे गॅस आले. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनला कमी त्रास देतो, पण देतोच. त्यानंतरचा आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, मात्र उष्णता प्रचंड अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-४१०ए म्हणजे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड. आजच्या बऱ्याच एसींमधला आर-३२ त्याच्या साधारण एक तृतीयांश. हेही गॅस कमी करत न्यायचं २०१६ साली किगालीत ठरलं.

मजा बघा. प्रत्येक वेळी आपण गॅस बदलला, सवय तीच राहिली. गळू दे, वरून भरू. आणि आता ती सवय मेकॅनिकच्या जिवावर येऊ शकते, कारण आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही एसींमधला आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. गॅस नीट न काढता नळीला टॉर्च लावला, तर जाळ थेट तोंडावर.

म्हणून यंदा सर्व्हिसिंगला माणूस आला की आधी फिल्टर धुतलाय का ते बघा. तुंबलेल्या फिल्टरमुळेही गारवा कमी होतो, कॉइलवर बर्फ जमतो आणि दोष गॅसवर जातो. तरीही "गॅस कमी आहे" म्हणाला, तर विचारा, "दादा, लीक कुठे सापडला?" जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. बारीक गळती असेल तर नायट्रोजन भरून प्रेशर तपासतात. गळती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळी रिकामी करायची आणि एसीवरच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. याला वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात. ते द्या. घाईत वरच्यावर गॅस भरून जाणाऱ्याला आपणच स्वस्तात बोलावलेलं असतं.

हा भाग घरात एसीचं बुकिंग जो करतो, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!