खोब्रागडे, दादाजी रामाजी

खोब्रागडे, दादाजी रामाजी : (मृत्यू ३ जून २०१८). धानाचे नवे वाण शोधून ते जोपासणारे विदर्भातील शेतकरी. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. मराठवाड्यातील नांदेड शहराशी या गावाचा संबंध नाही. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. ‘एचएमटी’ नावाचा जो बारीक तांदूळ विदर्भातल्या बहुतेक किराणा दुकानांत मिळतो, त्याचा मूळ वाण त्यांनी शोधला.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांचा पट्टा झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. जंगल, जुने मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या इथे एकमेकांना लागून आहेत. पावसाळ्यात परे टाकायचे, चिखलणी करून रोवणी करायची आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीला लागायचे, हे इथले चक्र. पीक हाती येईपर्यंत रानडुकरांपासून त्याची राखण करावी लागते. खोब्रागडे कुटुंबाची शेतीही अशीच जंगलाला खेटून होती.

१९८३ साली त्यांच्या बांधीत ‘पटेल ३’ हा त्या काळी लोकप्रिय असलेला वाण होता. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यांच्या टरफलाचा रंग बाकीच्या पिकाशी जुळत नव्हता, त्यावर पिवळसर झाक होती. कापणीच्या घाईत अशी लोंबी विळ्याखाली जाते आणि चुरणीत बाकीच्या धानात मिसळून जाते. दादाजींनी त्या तिन्ही लोंब्या बाजूला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते दाणे शेताच्या मध्यभागी वेगळे लावले आणि डुकरांच्या भीतीने भोवती काटेरी झुडपांचे कुंपण घातले. त्यानंतर दरवर्षी तेच काम चालू राहिले: आलेले पीक मूळ वाणाशी ताडून पाहायचे, न जुळणारी रोपे उपटायची, चांगल्या लोंब्यांचे बी पुन्हा पेरायचे. दाणा पटेल ३ पेक्षा बारीक निघाला, उतारा अधिक आला, भात चवीला सरस ठरला. १९८८ च्या सुमारास बियाणे मोठ्या प्रमाणावर पेरण्याइतके जमले.

या कामाला ‘योगायोग’ म्हणणे अन्यायाचे आहे. धानाचे फूल मुख्यतः स्वपरागित असते, त्यामुळे वाण सहसा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. क्वचित नैसर्गिक उत्परिवर्तनाने किंवा शेजारच्या वाणाशी संकर होऊन वेगळे रोप उगवते. असे रोप निसर्गात येते, पण ते ओळखणे, वेगळे काढणे आणि काही हंगाम लागोपाठ निवड करून स्थिर करणे माणसालाच करावे लागते. वनस्पतिप्रजननशास्त्रात याच पद्धतीला निवड पद्धत म्हणतात आणि जगातले कितीतरी मान्यताप्राप्त वाण तिच्यातूनच निघाले आहेत. दादाजींकडे प्रयोगशाळा नव्हती, नोंदवह्यांचा संच नव्हता. पण तुलना, निवड आणि पुन्हा पडताळणी या तिन्ही पायऱ्या त्यांच्या कामात होत्या.

गावाजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे मागून नेऊन आपल्या शेतात लावले आणि १९९० च्या सुमारास माल तळोधीच्या बाजारात आला. वाणाला नाव नव्हते. त्या काळी एचएमटी कंपनीचे मनगटी घड्याळ मिरवण्याची वस्तू होती, म्हणून व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले. नाव टिकले, वाण शेजारच्या राज्यांतही गेला. दादाजी मागेल त्याला बियाणे देत, त्यामुळे पसरण्याचा वेग मोठा होता आणि त्यातून त्यांच्या हाती पडणारे उत्पन्न नगण्य.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने त्यांच्याकडून प्रयोगासाठी बियाणे नेले आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. मूळ बियाणे शुद्ध नव्हते, ते आपण शुद्ध केले, अशी विद्यापीठाची भूमिका होती. आपले श्रेय नाकारले गेले, असे दादाजींचे म्हणणे शेवटपर्यंत राहिले. शुद्धीकरणाचे श्रम मान्य केले तरी वाण कोणी ओळखला या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही, आणि ते उत्तर नांदेडच्या बांधीत आहे. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची त्याच्या नावाने नोंदणी करण्याची तरतूद देशात आली ती ‘पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१’ या कायद्याने. तोवर एचएमटी बाजारात येऊन दहा वर्षे उलटली होती.

एचएमटीवर ते थांबले नाहीत. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नूर, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके आणि डीआरके २ हे वाणही त्यांच्या नावावर आहेत. बियाण्यांच्या पुड्यांनी भरलेले त्यांचे घर हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली आणि २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातील प्रभावी उद्यमींच्या यादीत त्यांचे नाव घेतले. या मानसन्मानाने घरची ओढाताण मिटली नाही. अखेरच्या काळात पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि उपचारांसाठीही कुटुंबाला मदतीवर अवलंबून राहावे लागले. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ज्या वाणाने त्यांना ओळख दिली त्यावर घड्याळाच्या कंपनीचे नाव आहे, इतर काहींवर गावाचे. डीआरके ही मात्र दादाजी रामाजी खोब्रागडे या नावाचीच आद्याक्षरे आहेत.