ब्लूमफील्ड, मॅट

(८ फेब्रुवारी १९८४ – ). इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म फेलिक्सस्टो येथे. इप्सविच टाऊनच्या युवा संघात तो घडला. पण डिसेंबर २००३ मध्ये वायकम वाँडरर्समध्ये आला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. कनिष्ठ विभागांत खेळाडू एक-दोन वर्षांच्या करारांवर क्लब बदलत राहतात. त्या मानाने हे विरळाच. क्लबचे गाव हाय वायकम हे पूर्वी खुर्च्या बनवणारे गाव होते, म्हणून संघाचे टोपणनाव ‘चेअरबॉइज’.

मधल्या फळीत अखंड धावणारा, चेंडू हिसकावणारा खेळाडू अशी त्याची ओळख. साडेपाचशेहून अधिक सामने तो वायकमकडून खेळला. त्या काळात क्लब चार वेळा वरच्या विभागात चढला, चार वेळा खालच्या विभागात घसरला. २०१४ मध्ये तर शेवटच्या दिवशी टॉर्कीला ३–० हरवून केवळ गोलफरकाने फुटबॉल लीगमधले स्थान वाचले. २०२० मध्ये मात्र बढतीसाठीच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात ऑक्सफर्डवर मात करून वायकम प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, पोहोचला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे कोलचेस्टर, वायकम व जानेवारी २०२५ पासून ल्यूटन टाऊन या संघांचे व्यवस्थापकपद त्याने सांभाळले. ल्यूटनने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला पदमुक्त केले.