सिकलसेल : जनुक, सोयरीक आणि नीती

विदर्भातील सिकलसेलचा इतिहास केवळ वैद्यकीय नाही. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. मध्य भारतातील वाहकांची नोंद शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६८ मध्ये याच पॉलिंग यांनी वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, असे सुचविले. हेतू अर्थातच दोन वाहकांचा विवाह टाळण्याचा होता.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीनंतर कार्ड दिले जाते. उभयता वाहक असल्यास प्रत्येक अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहपूर्व सल्ला आवश्यकच ठरतो. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावात सोयरीक चारचौघांत ठरते. तेथे कार्ड गुप्त राहणे कठीण. वाहक मुलगी निरोगी असते, किंबहुना तेच जनुक हिवतापापासून काहीसे संरक्षणही देते. तरीही तिच्यातच खोट काढली जाण्याचा धोका राहतो. मुलाचे कार्ड कोण मागणार?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुक-संपादनावर आधारित 'कॅसजेव्ही' उपचारास मान्यता दिली. त्याची तेथील किंमत २२ लाख डॉलर आहे. गोंड-कोलामांच्या पोडावर तूर्त पोहोचते ते कार्डच.