उत्तम वाण कोणता ?

आपल्या परसांत कोणत्या भाजीचा कोणता वाण लावावा, हा प्रश्न दिसावयास अगदीं घरगुती आहे. राजे, तह आणि लढाया ह्यांच्या हकीकतींनीं ज्याचे ग्रंथ भरले आहेत, त्या इतिहासशास्त्रानें वांग्याकडे व घेवड्याकडे कशाला वळावें, असें कोणी म्हणेल. तथापि ‘उत्तम’ ह्या एका विशेषणाचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांत गेलेला आहे. आणि हात बदलला कीं भाजीचा रंग, तिची चव, किंबहुना ती पिकविणाऱ्याचें स्वातंत्र्यहि बदललें आहे. हा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला आणि त्यांतला किती भाग आज आपल्या परसांत शिल्लक आहे, एवढेंच येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

बियाण्याची चिंता आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीखात्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, कर्तव्यांत धान्यांबरोबरच फुलें, फळें, शाकभाज्या व कंदमुळें ह्यांचीं बियाणीं योग्य वेळीं गोळा करण्याचें काम सांगितलें आहे. त्याच प्रकरणांत वेलीवरच्या फळांस नदीकांठची जमीन आणि भाज्यामुळ्यांस विहिरीलगतची जागा योग्य, असा विवेकहि केला आहे. कृषिपराशर ह्या ग्रंथांत माघ-फाल्गुनांत बीं जमवावें, तें उन्हांत वाळवावें आणि एकसारखें बीं निवडून ठेवावें, असा उपदेश आहे. ह्या दोन्ही ग्रंथांचा रोख एकच : बीं, भूमि आणि ऋतु ह्यांचा मेळ बसला तरच वाण उत्तम, एकटें बीं स्वतःच्या गुणावर उत्तम ठरत नाहीं.

हें शास्त्र ग्रंथांत थोडें व घरांत पुष्कळ होतें. वेलावरचा पहिला देखणा दुध्या तोडावयाचा नाहीं, तो बियांसाठीं राखावयाचा. वालाच्या बिया राखेंत घोळून गाडग्यांत ठेवावयाच्या. काकडीच्या बिया शेणांत कालवून भिंतीस थापावयाच्या : ह्या रीति खेड्यांतील बायकांनीं पिढ्यान् पिढ्या पाळल्या. कोणता दुध्या राखावयाचा हें ठरविणें म्हणजेच वाण घडविणें होय. कडू निघालेल्या वेलाचें बीं कोणी ठेवीत नसे, आणि ज्या वांग्याची भाजी घरच्यांनीं वाखाणली त्याच्याच झाडावर एक फळ पिकून पिवळें होऊं देत. पिकविणारी, रांधणारी आणि बीं राखणारी व्यक्ति एकच असल्यामुळें ‘उत्तम’ म्हणजे काय ह्याचा निवाडा चुलीपाशीं होत असे.

जें आपण अस्सल देशी समजतों त्यांतलें पुष्कळसें परदेशाहून आलेलें आहे, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. वांगें खरोखर आपलें. त्याचें संस्कृत नांव फारशींत गेलें, तेथून अरबींत, अरबींतून पोर्तुगीजांत, आणि पोर्तुगीजांच्या जिभेवरून ‘ब्रिंजल’ होऊन तें इंग्रजांच्या मार्फत पुन्हां आपल्या दारीं आलें ! उलट मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा आणि श्रावणघेवडा हीं सर्व अमेरिका खंडाची संतति. कोलंबस तेथें १४९२ सालीं पोहोंचला, पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या गलबतांबरोबर ह्यांतल्या कित्येक वनस्पति आपल्या किनाऱ्यास लागल्या. ‘बटाटा’ व ‘कोबी’ हे शब्द आजहि त्या संबंधाची साक्ष देतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत पक्वान्नांचें मोठें वर्णन आहे. पण तेथील तिखटपणा मिऱ्यांचा व आल्याचा आहे, मिरचीचा नाहीं. सावता माळ्याच्या नांवावर असलेल्या प्रसिद्ध अभंगांत मात्र मिरचीचें नांव येतें. सावतोबा तेराव्या शतकांतले. मिरची त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळानें आलेली. तेव्हां त्या शब्दाचा मूळ अर्थ निराळा असेल, किंवा गाणाऱ्यांच्या मुखीं अभंग पालटला असेल. दुसरा तर्क खरा असेल तर त्यावरून एवढें दिसतें कीं, परदेशांतून आलेली ही पाहुणी मराठी मळ्यांत इतकी घरची झाली कीं तिच्यावांचून संताचा मळा लोकांच्या डोळ्यांपुढें उभाच राहीना.

ती घरची झाली ती कशी ? बीं राखणाऱ्यांच्या निवडीनें. चारशें वर्षांत गोव्याच्या काणकोण भागांत खोल्याची मिरची, विदर्भांत भिवापुरी, सीमेवर संकेश्वरी, आणि इतरत्र बोटाच्या पेराएवढी लवंगी, अशा भिन्न प्रकृतीच्या मिरच्या सिद्ध झाल्या. जें मिरचीचें तेंच वांग्याचें. खानदेशांत भरितासाठीं मोठें, हिरवट, कमी बियांचें वांगें रुजलें. जळगांवच्या भरीत-वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. पुण्याकडे मांजरी गोटा हें गोल, जांभळ्यावर पांढुरक्या रेघांचें वांगें मान्यता पावलें. ह्या दोहोंत उत्तम कोणतें, असा प्रश्न विचारणें व्यर्थ आहे. निखाऱ्यावर भाजावयाचें असेल तर पहिलें, मसाला भरावयाचा असेल तर दुसरें.

ह्या निवडीचें सामर्थ्य केवढें, तें फुलकोबीच्या इतिहासांत फार चांगलें दिसतें. ही भाजी इंग्रजांनीं १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या सरकारी बागेंत आणली. तिची प्रकृति थंड देशाची. आपल्या मैदानी मुलखांतील उष्म्यांत बहुतेक रोपांस गड्डा धरेना, आणि धरलाच तर त्यास फुलोरा येऊन बीं मिळेना. दरवर्षीं विलायतेहून बीं मागवावें, हाच साहेबांचा मार्ग. परंतु उत्तर हिंदुस्थानांतील माळ्यांनीं दुसरा मार्ग धरला. हजारांत जीं चार रोपें उष्म्यांतहि गड्डा धरून बियांवर आलीं, तेवढ्यांचेंच बीं त्यांनीं ठेवलें व पुन्हां पेरलें. असें करतां करतां शंभर वर्षांच्या आंत फुलकोबीची एक स्वतंत्र भारतीय जात निर्माण झाली. ती वीस ते सत्तावीस अंश उष्णतेंतहि गड्डा धरते आणि मैदानांत बीं देते. १९२९ च्या सुमारास पाटणा व बनारस ह्या गांवांच्या नांवांनीं तिचे वाण इंग्रजी पेढीकडून विकले जाऊं लागले. ह्या भारतीय फुलकोबीचा गड्डा किंचित् पिवळसर, लहान व उग्र वासाचा असतो. शुभ्र व घट्ट गड्ड्यासच उत्तम म्हणणाऱ्या लंडनच्या ग्राहकानें ती नाकारली असती. पण येथें भाद्रपद-आश्विनांत फुलकोबी खावयास मिळते ती तिच्याच कृपेनें. ज्या माळ्यांनीं हें केलें त्यांतल्या एकाचेंहि नांव इतिहासास ठाऊक नाहीं.

यूरोपांत ह्याच सुमारास निवडीचें काम घरांतून निघून दुकानांत जात होतें. पॅरिसच्या विल्मोराँ घराण्याची बियाण्यांची पेढी अठराव्या शतकापासून चालत आलेली. त्यांतील लुई द विल्मोराँ ह्यानें १८५६ सालीं बीटाविषयीं असें दाखविलें कीं, केवळ झाड पाहून बीं निवडणें पुरेसें नाहीं. त्या झाडाची संतति पेरून पाहिली म्हणजेच त्याची खरी किंमत कळते. त्याच वर्षीं ब्रुन (आजचें ब्रनो) येथील मठांत ग्रेगॉर मेंडेल ह्यानें वाटाण्यावरचे आपले प्रयोग आरंभिले. त्यानें बीं-विक्रेत्यांकडून चौतीस वाण आणले, दोन वर्षें पारखले, आणि जे पिढ्यान् पिढ्या एकसारखे उतरत होते असे बावीस ठेवले. पुढें १८६६ सालीं छापलेला त्याचा निबंध १९०० पर्यंत कोणी मनावर घेतला नाहीं. नंतर मात्र सारें वनस्पतिशास्त्र त्याभोंवतीं फिरूं लागलें.

ह्या शोधाचें एक फळ मोठें विलक्षण आहे. मेंडेलच्या नियमाप्रमाणें दोन शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी उतरते, आणि दुसऱ्या पिढींत गुण विखुरतात. त्यांत कित्येक संकरांचा जोमहि दांडगा असतो. अमेरिकेंतील बर्पी पेढीनें १९४९ सालीं ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो परसबागांसाठीं विकावयास काढला तो ह्याच पायावर. फळें मोठीं, एकसारखीं, भरघोस. पण त्यांचें बीं पेरलें तर आईबापांचे गुण पांगलेले दिसणार. अर्थात् माळ्यानें दरवर्षीं दुकानाची पायरी चढली पाहिजे. एका बागेंत लागलेल्या शोधानें दुसऱ्या सर्व बागांची बियाण्याची मडकीं रिकामीं केलीं, असें म्हटलें तर तें फारसें चूक होणार नाहीं. संकरित बियाणें वाईट असा ह्याचा अर्थ नव्हे; रोगास टिकणारे व गरिबाच्या ताटांत अधिक भाजी घालणारे कित्येक वाण त्यानेंच दिले आहेत. पण उत्तमतेचा निवाडा चुलीपासून दूर गेला, ही गोष्ट खरी.

दूर गेलेला निवाडा कसा चुकतो, ह्याचें उदाहरण पुन्हां टोमॅटोचेंच आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळांस देंठाजवळ गर्द हिरवा पट्टा असे, आणि पिकतांना तेथें रंग उशिरा भरे. बाजारास एकरंगी फळ हवें म्हणून सुमारें सत्तर वर्षें संशोधकांनीं पट्टा नसलेले वाण निवडले. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें असें दाखविलें कीं, ज्या जनुकाच्या बिघाडामुळें पट्टा जातो, तोच जनुक फळांतील हरितद्रव्य व साखर वाढविण्यास कारण असतो. म्हणजे देखणेपणाची निवड करतांना गोडी नकळत सोडून दिली गेली. निवडणाऱ्यानें फळ पाहिलें. खाणारा तेथें नव्हता.

दुसरा धोका ह्याहून भयंकर आहे. तो म्हणजे एकाच उत्तम वाणावर सर्व भिस्त ठेवणें. आयर्लंडमधील गरीब कुळें ‘लंपर’ ह्या एका बटाट्यावर जगत. थोड्या निकृष्ट जमिनींतहि तो पुष्कळ पीक देई, म्हणून त्यांच्या दृष्टीनें तोच उत्तम. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळें सारीं झाडें जणूं एकाच झाडाचीं भावंडें होतीं. १८४५ सालीं करपा आला आणि त्यास त्या शेतांत कोठेंहि अडथळा सांपडला नाहीं. पुढील सात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगांनीं मेलीं. राज्यकर्त्यांची निष्ठुरता त्या अनर्थास कारण होतीच. पण एकाच वाणाची शेती हेंहि कारण होतें. आपल्याकडे भेंडीचा ‘पुसा सावनी’ हा वाण दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेंत तयार झाला, तो पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास दाद देत नसे. कांहीं वर्षांनीं तोहि त्या रोगास बळी पडूं लागला. तेव्हां परभणीच्या कृषि विद्यापीठानें रानभेंडीशीं संकर करून ‘परभणी क्रांति’ काढला. उत्तमपणासहि आयुर्मर्यादा असते. नवा वाण घडवावयाचा तर जुने आणि रानटी वाण कोणीतरी जिवंत ठेवलेले असावे लागतात.

मग परसबागेच्या मालकानें काय करावें ? आमच्या मतें त्यानें बाजाराचीं मापें आपल्या बागेस लावूं नयेत. त्याचा टोमॅटो शंभर कोस प्रवास करणार नाहीं. तेव्हां जाड सालीची त्यास गरज नाहीं. त्याचें सारें पीक एकाच आठवड्यांत येणें हा व्यापाऱ्यास गुण, घरास दोष. घरास रोज थोडी थोडी तोड देणारा वाण बरा. शक्य तेथें त्यानें असे वाण घ्यावे कीं, ज्यांचें बीं राखतां येईल. घेवडा, वाटाणा आणि टोमॅटो ह्यांचें पराग बहुधा स्वतःच्याच फुलांत पडतें, म्हणून त्यांचें बीं शुद्ध उतरतें. भोपळा, दोडका, काकडी ह्यांचें पराग मधमाशा इकडून तिकडे नेतात, म्हणून तेथें फूल बांधून हातानें परागसिंचन करावें. आणि एकाऐवजीं दोन वाण लावावे. २००१ च्या कायद्यानें आपल्या शेतकऱ्यास बीं राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. पण जें बीं कोणी राखीतच नाहीं त्याचा हक्क कागदावरच राहतो.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, कोंभाळणे गांवीं, राहीबाई पोपेरे ह्यांनीं वालाचे, घेवड्याचे व इतर भाज्यांचे गांवठी वाण जमवून घरींच बियाणें-बँक उभी केली. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचें शालेय शिक्षण झालेलें नाहीं. मेंडेलनें चौतिसांतून बावीस निवडले ते नियम शोधण्यासाठीं. ह्या बाईंनीं एकहि टाकला नाहीं, तो पुढच्या पिढीस निवडावयास कांहीं उरावें म्हणून. दोन्ही कामें एकाच शास्त्राचीं आहेत. उत्तम वाण कोणता, ह्याचें उत्तर प्रत्येक अंगणांत निराळें येईल. तें आपलें आपण देतां यावें म्हणून मडक्यांत बीं शिल्लक असलें पाहिजे.