जिल्हा न्यायालय, दप्तर आणि पक्षकार : पुणे जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
दिवाणी दाव्यात अखेर कागद बोलतो. तो कोणाच्या ताब्यात आहे, कोणाला वाचता येतो आणि त्याची नक्कल कोणास मिळते, यावर न्याय पक्षकारापर्यंत पोहोचतो की नाही हे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या अनुषंगाने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

गोतसभेकडून अदालतीकडे :
पेशवेकाळात वतन, हद्द व वाटणी यांचे तंटे गोतसभा आणि पंचायतीपुढे चालत. निर्णयाचा महजर सर्वांसमक्ष होई, त्यावर उपस्थित वतनदारांच्या निशाण्या पडत आणि हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. ही पद्धत जातिश्रेणीपासून मुक्त नव्हती. तथापि निकाल गावाला ठाऊक असे. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने आरंभी पंचायती चालू ठेवल्या. १८२७ च्या रेग्युलेशनांनी मात्र लेखी कार्यपद्धतीचा पाया घातला. पुढे १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमाने जिल्हा न्यायाधीश व त्याच्या हाताखालील प्रथम आणि द्वितीय वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी उतरंड निश्चित केली. तंट्याचा कागद गावातून कचेरीत गेला.

१८७५ चा उठाव व त्यानंतर :
१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. परिणामी सावकार मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. निरक्षर कुणबी निशाणी करी. समन्स निघाल्यावर बहुधा हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा रोखे आणि हुकूमनामे यांवर होता, ही बाब अर्थपूर्ण आहे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या दुखण्यावर इलाज योजला. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासणे, प्रतिवादीची जबानी घेणे, ग्राम-निबंधकासमोर दस्त करणे आणि सावकाराने पावती व हिशेब देणे या त्यातील प्रमुख तरतुदी होत. कनिष्ठ न्यायालयांची कागदपत्रे तपासण्यासाठी विशेष न्यायाधीश नेमले गेले. १८८७ मध्ये हे पद न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले.

अभिलेखांची आजची उपलब्धता :
१८७२ च्या पुरावा अधिनियमाने न्यायाधिकाऱ्यांच्या कृतींचे अभिलेख सार्वजनिक दस्तऐवज मानले आणि ते पाहण्याचा हक्क असणाऱ्यास शुल्क घेऊन प्रमाणित प्रत देण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तत्त्वे कायम आहेत. धानोरी-कळसच्या शिवारालगत वाढलेल्या विश्रांतवाडीतील रहिवाशास जमिनीच्या जुन्या वाटणीचा हुकूमनामा हवा असल्यास शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयात दावा क्रमांक, वर्ष व पक्षकारांची नावे देऊन नकलेचा अर्ज करावा लागतो. अर्जदार मूळ दाव्यात पक्षकार नसल्यास त्याला कारण दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, न्यायालयीन कागदांच्या प्रतींसाठी न्यायालयाच्या नियमांत तरतूद असताना माहिती अधिकाराचा मार्ग अवलंबता येत नाही. ई-न्यायालय प्रकल्पामुळे खटल्याची स्थिती, तारखा व अनेक आदेश संगणकावर विनामूल्य पाहता येतात. परंतु जुन्या निकाली दाव्यांसाठी अभिलेख कक्षावाचून गत्यंतर नाही.

समारोप :
गेल्या दोन शतकांत कागद गावकीकडून कचेरीकडे आणि कचेरीतून संगणकाकडे गेला. प्रत्येक टप्प्यावर तो अधिक सुरक्षित झाला, मात्र सामान्य माणसाच्या आकलनाशी त्याचे अंतर आपोआप घटले नाही. १८७९ च्या कायद्याचे महत्त्व येथेच आहे : कागद समजावून घेण्याचा भार त्याने एकट्या ऋणकोवर न टाकता न्यायालयावरही टाकला. आज ही जबाबदारी काही अंशी महाविद्यालयांनी उचलावयास हवी. इतिहास विभागाने मोडी वाचन आणि राज्यशास्त्र विभागाने नकलेचा अर्ज व हुकूमनाम्याचे वाचन शिकविल्यास, आपल्याच नावाचा कागद परका वाटणाऱ्या पक्षकारांची संख्या निश्चितच कमी होईल.